रापणीचे बूट

लवूच्या तळव्यातून विमलाने चिमट्याने शिंपल्याचा तुकडा ओढून काढला, तेव्हा लवू भिंतीवरचं १९५९ सालचं कॅलेंडर बघत बसला होता.

"दुखला नाय?"

"माका? तीस वर्सां रापणीचो पयलो दोर माझ्या हातात आसा, बाय. ह्ये पाय लोखंडाचे."

"दुखणा नाय, ह्योच तुमचो रोग, लवूदादा."

विमला मूळची आरोंद्याची, मालवणच्या दवाखान्यात नर्स. लवूची लघवी घालून तिने निळं औषध उकळलं तर ते विटकरी झालं. रक्तातल्या साखरेने पायाची जाणीवच गेली होती. आठवडाभर शिंपला तळव्यात घेऊन हा गडी वाळूत पाय रोवून रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, ओढत होता. डॉक्टर म्हणाले, "दोन महिन्यांत जखम भरली नाही तर पाय कापायला पाठवावं लागेल."

विमलाने ते मनावर घेतलं. रोज सकाळी ती मेलेली कातडी कापून काढी, मिठाच्या पाण्याने जखम धुई, इन्सुलिन टोची. लवूने पाय जमिनीला टेकवलेला दिसला, की त्याची अशी खरडपट्टी काढी की बाकावरचे बाकीचे रोगीही आपापले पाय वर घेत. दोन महिन्यांना चार दिवस उरले असताना जखम भरली. तो तळवा डॉक्टरांना दाखवताना तिला स्वतःचा अभिमान वाटला, आणि तो तिने लपवलाही नाही.

"आता अनवाणी चलूचा नाय. रापणीर पण नाय," ती लवूला म्हणाली.

लवूचा चेहरा उतरला. "मगे कापूनच टाक. जाळ्याकडे पायताण घालून कोण जाता? दाजी माका दोराक हात लावूक देवचो नाय."

ते खोटं नव्हतं. दाजी रापणीचा म्होरक्या. जाळं म्हणजे रापणकरांचा देव; सगळ्यांच्या वहाणा जाळ्याच्या खोपीबाहेर राहत. विमलाला रात्रभर चैन पडलं नाही. किनारा नसेल तर तो पाय वाचवून तिने लवूला काय दिलं होतं?

दुसऱ्या दिवशी बाजारातून, पायाला चावू नयेत म्हणून एक माप मोठे, पांढरे कॅनव्हासचे बूट घेऊन ती थेट किनाऱ्यावर गेली. बूट तिने दाजीपुढे धरले.

"ह्येंका रस्त्याची धूळ लागूक नाय. लवूदादा हय येवन घालतले, हयच काढतले. जाळ्याकडेच, जाळ्यावांगडा ऱ्हवतले ह्ये."

दाजीने बूट उलटेपालटे करून पाहिले. कोरे तळवे अंगठ्याने चाचपले.

"नारळी पुनवेक जाळ्याची पूजा आसा," तो शेवटी म्हणाला. "तेवा ह्ये जाळ्याच्या बाजूक पूजेक ठेव."

पुनवेनंतर रापण लागली. लवू पहिल्या दोराला होता. जाळं वर आल्यावर तो खोपीशी बसला, बूट झाडून वाळू काढली, आणि त्याची बायको तुळसा त्याचे तळवे उन्हात धरून बोटांच्या बेचक्यांपर्यंत बघू लागली. विमलाने तिला शिकवलं होतं तसंच.

रापण बघायला आलेली विमला दवाखान्याची वेळ झाली म्हणून निघाली. ओल्या वाळूत पंचवीस माणसांची अनवाणी पावलं उमटली होती, आणि सर्वांत पुढे एकाच्या बुटांचे ठसे. डावा आणि उजवा, दोन्ही. त्यांवर पाय पडू नये म्हणून ती वळसा घालून गेली.