अर्ध्यावर थांबलेले चांदीचे बोट

मित्रांनो, मी एक जुनी चांदीची काडी आहे. वीतभर लांब, टोकाला इवलासा हात, आणि त्या हाताचे एकच बोट पुढे आलेले. सोनाराने त्यावर नखसुद्धा कोरले होते; आता ते झिजून गेले आहे. ज्यू लोकांच्या प्रार्थनाघरात तोराच्या गुंडाळीला, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांना, वाचताना हात लावत नाहीत. ओळ दाखवण्याचा मान माझा.

मला धरायचे ते आमचे शिंपीकाका. दिवसभराची शिलाई आटोपली की ते पुढच्या शनिवारी वाचायचा भाग घोकत बसत. कारण समोरच्या बाकावर घड्याळजी असत. काकांचा एक स्वर जरी घसरला तरी ते तिथूनच ओरडत, "पुन्हा वाच!" काका मला घट्ट आवळत आणि पुटपुटत, "याला घरी कुणी बोलू देत नाही, म्हणून इथे येतो." तरी पुन्हा वाचत. तोरा चुकीची वाचून चालत नाही. दोघांचे अगदी विळ्याभोपळ्याचे सख्य होते.

वर्षातून एकदा सिमखात तोरा, तोराच्या आनंदाचा सण यायचा. मोशे डोंगरावर मरतो, तिथे वर्षभराचे वाचन संपते. पण 'संपले' असे कुणी म्हणत नसे. आमच्याकडे गुंडाळी एकच. सगळे मिळून ती पार सुरुवातीपर्यंत उलटी फिरवत आणि काका लगेच पहिल्या ओळीपासून वाचायला लागत. मग नाच! त्या एका दिवशी काका आणि घड्याळजी हातात हात घालून नाचत.

पुढे घड्याळजी गेले. बाके रिकामी होत गेली. एका सणाला कसेबसे दहा जण जमले. दहांशिवाय गुंडाळी वाचायला काढत नाहीत. काकांचे डोळे अधू झाले होते. त्यांनी अख्खी ओळ गाळली. मी कळवळले, पण मला कुठली वाचा? थोड्या वेळाने त्यांचे त्यांनाच कळले. ते थांबले आणि समोरच्या बाकाकडे कान लावून उभे राहिले. एक जण घड्याळ बघत होता.

"अरे, चुकलो ना मी," काका म्हणाले. "कुणीतरी ओरडा की!"

मग त्यांनी मागे जाऊन ती गाळलेली ओळ वाचली, शेवट वाचला, आरंभही वाचला.

चार महिन्यांनी काका गेले. त्यांचे वाचन जिथवर आले होते, तिथेच गुंडाळी राहिली. तिच्यात मोशेचे लोक अजून वाळवंटातून चालले आहेत आणि त्यांचा देश अजून दूर आहे.

काकांची मुलगी दर वर्षी सणाच्या दिवशी गुंडाळीचे कपाट उघडते आणि मला पुसते. तिला तोरा वाचता येत नाही. "बाबा म्हणायचे, ये, शिकवतो. मी म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू," असे म्हणून ती रडते.

मित्रांनो, तारीख येते, पण सण येत नाही. शेवटापर्यंत पोहोचल्याशिवाय नवा आरंभ कसा होणार? मला पुसले नाही तरी चालेल, काळी पडू द्या. पण तुमच्या घरात कुणी "ये, शिकवतो" म्हणत असेल, तर आजच त्याच्यापुढे बसा. निदान तो चुकला तर ओरडता येईल, इतके तरी शिका.