उताणा

नारिंगी फुगा — दंडावर चढवायचा, पोहायला शिकणाऱ्या पोरांचा — तळ्याच्या कडेला एकटाच हेलकावत होता, आणि त्यात दंड नव्हता. सकाळी बापानंच गाल फुगवून तो फुंकला होता, त्याचं तोंड बघून चिमी हसून हसून लोळली होती... हे सगळं आठवत असतानाच तो चटईकडे वळला.

"चिमी कुठंय?"

बायको चटईवर दचकून उठली. थोरला शेजारी खड्डा खणत होता, त्यानं मानही वर केली नाही.

"तुझ्याकडे आहे ना?"

"तुझ्याशेजारी बसवून गेलो! तू 'घेतली' म्हणालीस!"

म्हणाली होती. खालच्या माणसानं 'घेतलं' म्हणून ओरडल्याशिवाय क्रेनवरचं ओझं सोडायचं नाही, हा त्याच्या कामाचा पहिला धडा; थोरला जन्मला तेव्हा त्यानं तो घरी आणला. पोर या मांडीवरून त्या मांडीवर जाताना 'घेतलं' म्हणायचं. "मी काय सिमेंटची गोणी उतरवून घेतेय?" म्हणून बायको आधी चिडवायची, मग तिच्याही जिभेवर ते बसलं — इतकं बसलं, की आज डुलकीतसुद्धा तोंडातून निघून गेलं. आणि त्यानं सोडली. तिचे डोळे मिटलेत हे बघितलंच नाही, शब्द ऐकला आणि पाण्यात शिरला...

काय सुख होतं ते! उताणा तरंगत, कान पाण्याखाली, वर नुसतं आभाळ. रोज क्रेनवर इतक्या उंचावर बसायचा, पण नजर कायम खाली. आज खाली बघायचं कामच नव्हतं. बायको नाही, पोरं नाहीत, त्यांची आठवणसुद्धा नाही... किती वेळ? अरे देवा, किती वेळ?

तो पाण्यात घुसला. तळ चाचपडू लागला. शेवाळ, दगड, पुन्हा शेवाळ. हाताला मऊ काही लागू दे... नको, लागू नको देऊस...

"बाबा, गोळी घे!"

काठावर पालथ्या घातलेल्या होडीखालून चिमीचं डोकं बाहेर आलं. आत चिखलाच्या गोळ्यांचं दुकान मांडलेलं. "फुगा टोचत होता," तिनं सांगितलं.

बायकोनं तिला उचललं, एक धपाटा घातला, लगेच मुके घेतले, आणि रडत रडत हसायला लागली. "जीव भांड्यात पडला रे बाबा!" मग डबा उघडला गेला. थोरल्यानं दोन गोळ्या विकत घेऊन तिसरी फुकटात उकळली.

त्याचा जीव मात्र भांड्यात पडेना. चिमी त्याच्या मांडीवर होती, तिचे ओले केस हनुवटीला लागत होते, आणि नजर राहून राहून तळ्याच्या मध्याकडे जात होती. तिथं पुन्हा जावंसं वाटत होतं. आत्ता, या क्षणी, पोर मांडीवर असताना... आपल्याला हे वाटूच कसं शकतं? त्यानं तिला आणखी जवळ ओढलं.

"बाबा, दुखतंय," चिमी म्हणाली.

त्याला ऐकू आलं होतं. पण हात सैल करायचं धाडस होईना.