टापेची माती

पाटोद्याच्या अलीकडं माळावरच्या कातळाभोवती गुरुवारी एवढी दाटी व्हायची, की माशीलासुद्धा बसायला माणसाशिवाय जागा नसे. कातळावर घोड्याच्या टापेचा ठसा. शेजारी बंकट महाराजांची पांढरी घोडी बांधलेली. तिच्या पायाखालची लिदीची माती महाराज लोकांच्या जखमेत दाबत.

"देवाच्या घोडीची माती हाय. सात दिवस पट्टी सोडायची न्हाई. पू आला तर समजा पाप निघालं. न्हाई आला तर समजा पाप नव्हतंच."

दोन्हीकडून जीत त्याचीच. आणि बहुतेक जखमा खरंच भरत होत्या.

मला हसू यायचं, कारण ती देवाची घोडी मूळची माझ्याच थापेतली. ती आभाळातून उतरली, कातळात तिचा पाय रुतला, तिथली माती लावून माझ्या आज्याची तुटलेली बोटं जुळली, असं मी पारावर तीस वर्षं सांगत आलो. बोटं कधी दोन असत, कधी चार. बंकटनं ती थाप उचलली आणि मला गर्दीत पुढं बसवलं. मी बसलो. नारळही घेतला.

मग माझ्या धाकट्या भावाच्या बायकोच्या, तुळजाबाईच्या पायात खुरपं घुसलं.

"भावजी, दवाखान्यात जाऊ का माती लावू?"

खरं तेव्हाच सांगायचं होतं. पण ओट्यावर चारजण माझ्या तोंडाकडं बघत बसलेले. मी म्हणालो, "घोडीचा गुण लई मोठा हाय."

आठव्या दिवशी तिचा जबडा मिटला. पाठ कमानीसारखी ताणली. बंकट म्हणाला, "झपाटलीय. अजून माती लावा." उपकेंद्रातली नर्स धनश्री त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. तिनं तुळजाला गाडीत घातलं आणि बीडला नेलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मी धनश्रीला विचारलं, "कावून झालं गं? बाकीच्यांच्या जखमा तर भरल्या."

"त्या त्यांच्याच रक्तानं भरल्या, आबा. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना खातात, लढता लढता मरतात. पू म्हणजे त्यांचीच मढी. किरकोळ जखम मातीशिवायही भरते. पण लिदीच्या मातीत धनुर्वाताचा जंतू असतो. तो खोल जखमेत बसून विष सोडतो. शरीराला त्याची ओळख पटेस्तोवर उशीर झालेला असतो. ती ओळख आधीच करून द्यायला सुई असते."

"मग तुळजानं घेतली न्हाई?"

"मी दोनदा सांगितलं होतं. म्हणायच्या, आपल्या गावात घोडी हाय."

पुढच्या गुरुवारी मी छन्नी-हातोडी घेऊन कातळावर गेलो. पाथरवटाचं काम सोडून वीस वर्षं झालेली.

"आबा, नवी गोष्ट सांगा की," कुणीतरी म्हणालं.

मी जुन्या ठशाशेजारी ठोकायला बसलो. दुपारपर्यंत दुसरी टाप तयार झाली, पहिलीसारखीच.

"पाप लागंल बे," बंकट पुटपुटला.

"पहिली पण मीच कोरलीय बे. विशीत, बसल्या बसल्या."

लोकांनी दोन्ही ठशांत आळीपाळीनं हात घालून बघितले. एका बाईनं लेकराच्या कोपराची पट्टी सोडली आणि ती उपकेंद्राच्या वाटेला लागली.

तीन आठवड्यांनी तुळजाचा जबडा उघडला. पहिलं बोलणं माझ्याशीच.

"भावजी, घोडी नव्हतीच?"

"न्हाई."

तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. अजून ती माझ्याशी बोलत नाही.

तेव्हा बाबांनो, जखम साबण-पाण्यानं धुवा, दवाखान्यात जा, सुई घ्या. आणि माझ्यासारखा म्हातारा रंगात येऊन सांगू लागला, तर एवढंच विचारा: तुम्ही स्वतः पाहिलं का? तीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नाही. तुळजानं विचारलं, ते खाटेवरून.