दुपारची गोळी

बझर वाजला तेव्हा बाबांनी आधी जाऊन दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. मग त्यांनी गॅसकडे पाहिलं, खिडकीतून खाली डोकावून पाहिलं आणि शेवटी टेबलावर वाजणारा तो डबा उचलून आपल्या उशीखाली नेऊन ठेवला. वरून हलकेच थोपटलं.

"रडतंय गं बिचारं," ते म्हणाले. "भूक लागली असेल."

पहिला दिवस म्हणून घरी थांबलेली छोटी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. तिला हसू आलं, पण ते तोंडातल्या तोंडातच राहिलं.

डबा तिनेच बनवला होता. मुळात तो तिचा कॉलेजला न्यायचा जेवणाचा डबा. आत वारांचे कप्पे, खाली घड्याळाचं सर्किट, एक चिमुकली मोटर. दुपारी दोन वाजता बझर वाजायचा आणि त्या दिवसाच्या कप्प्याचं झाकण उघडायचं. कप्प्यात स्ट्रिपमधून कात्रीने कापलेला चंदेरी चौकोन, त्यात एक गोळी. सरांनी सर्किट उलटंपालटं करून पाहिलं होतं. "चांगलं आहे, पण अभ्यासक्रमात नाही. मार्क मिळायचे नाहीत."

"मार्कांसाठी नाही, सर," एवढंच ती म्हणाली होती.

बाबांना फिट्स यायच्या. सकाळची आणि रात्रीची गोळी आई हातावर ठेवायची, ती ते निमूट घ्यायचे. चुकायची ती दुपारची. दुपारी आई लाँड्रीत चादरींना इस्त्री करत असायची, छोटी कॉलेजात असायची, आणि बाबांच्या डोक्यातून गोळीच काय, आपण जेवलो की नाही तेही पुसलं जायचं. मागच्या फिटमध्ये ते ओट्याच्या कडेवर आपटले. भुवईवर टाके पडले. त्यानंतर आईने कुठूनतरी एका केंद्राच्या नंबरचा कागद आणून आरशाच्या कडेला खोचला. तिथे अशी माणसं ठेवून घेतात.

"ठेवून घेतात म्हणजे? सामान आहे का ते?"

"मग तू सांग," आई म्हणाली. तिच्या मनगटावर इस्त्रीचा नवा चटका होता, त्यावर ती फुंकर घालत होती. "मी काम सोडू, की तू कॉलेज सोडतेस? बोल. मला हौस आहे का?"

"मला थोडे दिवस दे. मी करते काहीतरी."

आईने लेकीने टेबलावर खोलून ठेवलेल्या डब्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. "दिले," ती म्हणाली.

बझर उशीखाली गेल्यावर छोटीने डब्यात आईचा आवाज भरला. आई माइकसमोर अशी अवघडून बसली, की छोटीला राहवेना. "आई, स्टेशनवर घोषणा केल्यासारखं काय बोलतेस? रोज ओरडतेस तसं ओरड की."

"रोज ओरडते मी?" आई ओरडली, आणि मग दोघी हसल्या. शेवटी एकदाचं भरलं गेलं. अहो, ऐकलंत का, गोळी घ्या.

बाबांनी ऐकलं. आवाज आल्याबरोबर ते आईला शोधायला लागले. पलंगाखाली, कपाटात, न्हाणीघरात. मग चप्पल न घालता जिना उतरून रस्त्यावर. खालच्या शिंप्याने त्यांना कोपराला धरून वर आणलं. "वहिनी कुठे लपल्यात म्हणून माझ्या मशीनखाली वाकून बघत होते," तो संध्याकाळी छोटीला म्हणाला. सांगताना हसत होता. बाबांच्या अनवाणी पायांकडे लक्ष गेलं तसा गप्प झाला.

त्या रात्री जेवताना आई आरशाकडे बघत होती. छोटीला ते दिसत होतं.

उपाय सापडला तो बाबांमुळेच. संध्याकाळी ते हातात पेला घेऊन खोलीतून चालले होते. खाली गल्लीत कुणाच्या तरी सायकलची घंटा एकदाच वाजली. बाबा जागच्या जागी थांबले. पेला सांडला नाही. मोकळा हात मात्र वर गेला आणि छताखालची, तिथे नसलेली दांडी धरून तसाच राहिला.

बाबांचा उभा जन्म बसमध्ये कंडक्टरकीत गेला होता. एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. सुट्टीत छोटी त्यांच्याबरोबर फिरायची, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. तिचं तिकीट ते पदरचे पैसे घालून काढायचे आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणायचे, "पोटची असली म्हणून काय झालं? नियम तो नियम. माझी छोटी, हाफ."

भंगारवाल्याकडून छोटीने एक पितळी घंटा आणली. बझर काढून टाकला, आवाज पुसून टाकला. मोटरला लहानसा दांडा जोडला, तो घंटेवर एक ठोका द्यायचा. तपासून बघायला बाजूला एक बटण ठेवलं. रविवारी तिघंही घरात असताना पहिल्यांदा लावलं. टिंग. बाबा थांबले. डब्यापाशी आले. उघडलेल्या कप्प्यातून चौकोन उचलला. आई पाण्याचा पेला घेऊन समोरच उभी होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, गोळी सोडवली, तोंडात टाकली, पाणी प्यायले.

"घेतली गं," आई कुजबुजली, झोपलेल्या बाळाजवळ बोलावं तशी.

पुढे रोज संध्याकाळी कप्पा रिकामा दिसू लागला. आईने आरशाच्या कडेचा कागद फेकला नाही, पण उलटा करून खोचला. कामावरून येताना ती जिन्यात गुणगुणायला लागली. छोटीने सरांना सांगितलं, चाललं सर. सर म्हणाले, अरे वा.

आणि मग एका संध्याकाळी बाबा न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडलेले सापडले. जीभ चावली गेली होती.

"दुपारची गोळी चुकवताय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही हो. कप्पा रोज रिकामा असतो," आई म्हणाली.

"रक्तात पुरेसं औषध दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. कप्प्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी छोटी कॉलेजला गेली नाही. आई कामावर गेली, आणि छोटी बाहेरच्या खोलीतल्या बाकड्याच्या कडेला पुस्तक घेऊन बसून राहिली. बाबा खिडकीपाशी होते. तिचं असणं त्यांच्या गावीही नव्हतं.

टिंग.

बाबा उठले. डब्यातून चौकोन काढला. पाठ ताठ झाली, एक हात वर गेला. पाय थोडे फाकवून, हलत्या गाडीत चालावं तसे ते बाकड्याकडे आले. रिकाम्या जागेपुढे वाकले. "चला, तिकीट, तिकीट. सुटे काढून ठेवा." मग कडेला बसलेल्या तिच्यासमोर थांबले.

बाबा आधी जिथे वाकले होते, तिथल्या गादीच्या फटीत छोटीने हात घातला. बोटांना चंदेरी चौकोन लागले. एक, आणखी एक. सगळे न उघडलेले.

"कुठे जायचंय, ताई?"

ती जुन्या सवयीने म्हणाली, "हाफ द्या."

बाबा हसले. कितीतरी दिवसांनी असे हसले. "एवढ्या मोठ्या झालात, अजून हाफ? आम्ही काय आज गाडीवर चढलो का, ताई? फुल पडेल." त्यांनी चौकोन तिच्या तळहातावर ठेवला. "जपून ठेवा. मध्येच चेकिंग होतं."

"मास्तर," ती गाडीतल्या प्रवाशासारखं म्हणाली. पहिल्यांदाच तिने त्यांना असं म्हटलं. "तुम्ही तुमचं घेतलंत का?"

"माझं?" बाबांना गंमत वाटली. "कंडक्टरला कुठलं आलंय तिकीट?"

ते मागच्या जागांकडे वळले. छोटी तशीच बसून होती. आईच्या हातातला पेला तिला आठवला. रविवारी गोळी घ्यायला लावली ती समोर उभ्या आईने; घंटेने काही केलंच नव्हतं.

मग ती उठली. स्ट्रिपमधली दुसरी गोळी काढून तिने त्यांच्या हातावर ठेवली, पाणी दिलं. त्यांनी निमूट घेतली.

संध्याकाळी आई आली. गुणगुणणं जिन्यातच थांबलं, कारण दार उघडं होतं आणि छोटी बाकड्यावर बसली होती, मूठ मिटून.

"काय झालं? पडले का?"

छोटीने मूठ उघडली. आईने आधी तिच्या तळहाताकडे पाहिलं, मग बाकड्यावर मांडून ठेवलेल्या चौकोनांकडे. चप्पल न काढताच ती लेकीशेजारी बसली. पर्स मांडीवर घेतली.

"तुझा डबा चांगला होता गं," ती म्हणाली.

"वाजला गं, आई. रोज वेळेवर वाजला."

"हो." आईने तिची बोटं पुन्हा त्या चौकोनावर मिटवली. "उद्या मी केंद्रात फोन करते."

बाबा टेबलापाशी गेले होते. डब्याच्या बाजूचं बटण त्यांनी कधी शोधून काढलं होतं कुणास ठाऊक. त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं, सगळे बसलेत ना म्हणून, आणि बटण दोनदा दाबलं.

टिंग टिंग.

मग वरची दांडी धरून, गुडघे किंचित वाकवून ते उभे राहिले, सुटत्या गाडीच्या हिसक्यासाठी. बाकड्यावर छोटीनेही नकळत आपले पाय जमिनीला घट्ट टेकवले.