कारगिलला गेलेला लाडवांचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पितळी डबा आहे आणि १९९९ साली कारगिलच्या युद्धात मी देशासाठी लढलो आहे. म्हणजे हेलिकॉप्टरच्या सीटखाली पडून होतो. पण होतो.

माझ्या मालकीणबाई आर्वीच्या प्रमिलाबाई. घरचं कापडाचं दुकान. त्यांचा मुलगा निकेश वायुसेनेत हेलिकॉप्टर चालवायचा. सुट्टी अर्धवट टाकून तो निघाला, तेव्हा त्यांनी माझ्यात डिंकाचे लाडू ठासून भरले आणि बजावलं, "लढाई होत राहीन. डबा वापस आणजो."

लाडू निकेशनं डोंगरावरच्या चौकीतल्या जवानांसाठी राखले होते. एका सकाळी आम्ही तिथं उतरलो, तर दोन जखमी वाट पाहत होते. एवढ्या उंचावर हवा विरळ. हेलिकॉप्टरला एकाचंच ओझं पेलणार. चौकीचे हवालदार मोतीलाल म्हणाले, एकाला आज न्या, दुसऱ्याला उद्या. दुसऱ्याच्या पोटात गोळी होती. तो उद्यापर्यंत काही टिकत नाही, हे सगळ्यांना दिसत होतं.

निकेशनं पाना घेतला. दोन्ही दरवाजे काढले. मागची सीट, अवजारांची पेटी, पाण्याचा कॅन, सगळं खाली. इंधनसुद्धा परतीपुरतंच ठेवलं. मग त्याची नजर माझ्यावर आली. दरवाजे काढताना त्यानं एवढा विचार केला नव्हता.

"लाडू खा," तो मोतीलालना म्हणाला, "पण डबा सांभाळा. आईचा आहे."

दोघांना घेऊन हेलिकॉप्टर उडालं नाही. कड्यावरून सरळ दरीत उतरलं. चौकीवर कुणी हललं नाही. बऱ्याच वेळानं, दरीत वेग पकडून, ते पलीकडं माशीएवढं वर येताना दिसलं. दोघंही जगले.

पंधरवड्यानं मोतीलालनी मला परत पाठवलं. डबा रिकामा धाडायचा नाही, ही रीत त्यांच्याकडंही असावी. माझ्यात जर्दाळू होते.

निकेशला पदक मिळालं. आर्वीत सत्कार झाला. शाल, नारळ आणि तीन तास भाषणं. प्रमुख पाहुण्यांनी विचारलं, शत्रूवर बॉम्ब किती टाकले?

"एकही नाई," निकेश म्हणाला. "दरवाजे टाकले."

पाहुणे खाली बसले. प्रमिलाबाईंनी मला मांडीवर फिरवून पाहिलं. "याले पोचा कसा पडला?"

तेव्हा मित्रांनो, घरातली जुनी भांडी मोडीत काढू नका. वापरा, निदान घासून ठेवा. त्या पराक्रमात माझाही वाटा आहे आणि तो सरकारदरबारी नोंदलेला आहे. पदकाच्या प्रशस्तिपत्रात चौथ्या ओळीत माझा उल्लेख येतो: "अनावश्यक सामान".