सैल केलेला मुंढा

बाही

ताईच्या बाह्यांना बटणं नव्हतीच. टायपिस्ट असताना जिची बोटं सगळ्या ऑफिसच्या पुढे धावायची, तिला आता बटण काजात घालता येत नव्हतं. संधिवात. म्हातारपणाचा नव्हे, शरीर आपल्याच सांध्यांना परकं समजून त्यांच्यावर तुटून पडतं, तो. धाकटी बहीण शिंपीण. तिनं सगळ्या शर्टांना चिकटपट्ट्या लावल्या. खांदा वर जाईना, म्हणून रोज सकाळी शर्ट चढवूनही तीच द्यायची.

ताईनं लग्न केलं नव्हतं. "नवरा चुकवला, पण सासू घरात आलीच," दुखणं जडल्यावर ती म्हणाली. तेव्हापासून दुखण्याचं नाव सासूबाई. गुडघा धरला, सासूबाई. ताप आला, सासूबाई.

पाठ

"ठमे, पाठीत कळ येते गं," ताई धाकटीला म्हणाली.

"सासूबाई चढल्या असतील पाठीवर."

"उतरव मग. तुझं ऐकतात त्या."

दोघी हसल्या. पाठीचं बोलणं तिथंच संपलं.

मुंढा

बाही खांद्याशी जोडतात ती गोल शिवण म्हणजे मुंढा. ताईचा डावा मुंढा काचायला लागला. शर्ट चढवताना धाकटीच्या बोटांना काखेत मोठ्या मण्याएवढं काहीतरी लागलं. सांध्यांच्या डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं, या आजारात काखेत गाठी सुजतात. खरंच सुजतात. म्हणून तिनं पुन्हा विचारलं नाही.

बायकांच्या छातीच्या नेहमीच्या तपासणीला त्या त्याआधी एकदा गेल्याही होत्या. यंत्रापुढे ताईचा हात वर जाईना. "खांद्याची सूज उतरली की या," तिथली मुलगी म्हणाली. सूज उतरली, तेव्हा कितीतरी दिवसांनी ताई स्वतःच्या हातानं केस विंचरत होती. अशा वेळी कोण दवाखान्याचं नाव काढणार, आणि मग

ते राहिलंच.

ताई दुपारी झोपली की धाकटी मुंढा उसवायची. थोडा सैल. मग पुढ्याची, म्हणजे छातीवरच्या भागाची, शिवणही थोडी सैल. तिच्या कपड्यांत शिवणीच्या आत जादा कापड भरपूर दुमडलेलं असे. गिऱ्हाइकं त्यावरून तिची चेष्टा करत. ताईला तिनं सांगितलं नाही. वाढलेलं माप बाईला ऐकवायचं नाही, हा तिच्या दुकानातला शिरस्ता. शिवाय संधिवाताच्या गोळ्यांनी चेहरा सुजला होता, तेव्हा ताईनं आरसा भिंतीकडे फिरवून ठेवला होता. हीही गोळ्यांचीच सूज असणार. सासूबाईंचंच देणं.

पुढा

अंघोळ घालताना एक दिवस डाव्या छातीची कातडी आत ओढलेली दिसली. मग नव्या डॉक्टरीणबाई, सुया, फोटो. स्तनाचा कर्करोग. काखेतून मणक्यापर्यंत पोचलेला. पाठीतली ती कळ सासूबाईंची नव्हती. आता ऑपरेशनचा उपयोग नव्हता. औषधांनी जेवढं थोपेल तेवढं.

"पहिल्यांदा कधी जाणवलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"माझ्या बोटांना काय कळणार? लाकडं झालीत," ताई म्हणाली. "पण कपडे कधी काचले नाहीत हो. एक शर्ट जरी घट्ट झाला असता ना, मी आपणहून आले असते. हिला विचारा. ही शिवते."

डॉक्टरीणबाईंनी धाकटीकडे पाहिलं.

"मी ते सैल"

इथंच थांबून धाकटी ताईच्या बाहीची चिकटपट्टी पुन्हा दाबायला लागली.

"लाजतेय," ताई म्हणाली. "तिच्या हाताचं कौतुक केलं की असंच होतं तिचं."

दुमड

हल्ली शर्ट ताईच्या अंगावर हँगरवर लटकावेत तसे लटकतात. धाकटी पलंगाच्या कडेला बसून मुंढा आत घेत असते. तीच शिवण. सुईची जुनी भोकं कापडात अजून दिसतात, एकाबाहेर एक. ताईच्या नजरेला पडू नयेत म्हणून ती शर्ट उलटा धरते.

"एवढं जादाचं कापड कशाला ठेवतेस गं आत? टोचतं."

"राहू दे."

"कापून टाक ना. मी काय आता वाढणारे?"

कात्री दोघींच्या मध्ये पडलेली होती. धाकटीनं ती उचलली नाही. दोरा दातानं तोडला, जादाचं कापड आत दुमडलं आणि त्यावरून अंगठा फिरवत राहिली, मऊ होईपर्यंत.

"राहू दे, ताई. लागेल."