सेन्सरखालचा दिवा

मंचरजवळच्या आमच्या कोल्ड स्टोरेजला २००३ साली ऑटोमॅटिक पॅनल बसलं आन मी, सावळेराम, लई शहाणा झालो. आयटीआय झाल्यालो ना! त्याआधी वीस वर्षं गेणभाऊ तासातासाला थर्मामीटर घेऊन आत जायचे, बेण्याच्या बटाट्याच्या गोणीवर हात ठिवायचे, मग गारव्याचं मशीन चालू-बंद करायचे. मी त्यांचं थर्मामीटर कपाटात टाकलं. "भाऊ, आता निवांत बसा. भिंतीवरची ही डबी म्हंजे सेन्सर. तिला गारवा कळतो, ती पॅनलला सांगती. तीन डिग्रीच्या वर गेलं की पॅनल मशीन चालू करतं, खाली आलं की बंद."

खंडेनवमीला गेणभाऊंनी मशीनला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. मग तेलानं काठोकाठ भरलेला मोठा दिवा आत, गोण्यांच्या गार खोलीत आणला. पंख्याच्या वाऱ्यात तो टिकंना. दाराआडचा कोपरा तेवढा आडोशाचा, आन डबीबी तिथंच.

"आता राखण हीच करती. हिच्याखाली ठिवू का रं? चालंल ना?"

मला घरी जायची घाई. "ठिवा, काय व्हत नाय," म्हणलं.

दसऱ्याला सुट्टी. सकाळी जाता जाता दाराबाहेरचं पॅनल बघितलं. आठ डिग्री, मशीन चालू. करतंय आपलं काम, असं म्हणून सोनं वाटायला गेलो. दार काय उघडलं नाय.

अरं गाढवा, ती आठ डिग्री दिव्याच्या उबेची व्हती! डबी तापलेली, म्हणून मशीन थांबंना, आन खोली गेली शून्याच्या खाली. दुसऱ्या दिवशी बघतो तर बटाटे दगडावानी. लागण आठवड्यावर आलेली आन सगळं बेणं मेलेलं.

मालक चांगदेवशेठ धावत आले. "दिवा कुणी ठिवला?"

"मी," गेणभाऊ म्हणाले.

"सावळ्या, तुला ठावं व्हतं?"

माझी नोकरी डोळ्यांपुढं आली. "न्हाई, शेठ."

गेणभाऊंनी माझ्याकडं बघितलं. आता सांगत्यात, असं वाटलं. ते म्हणाले, "त्याला नगा इचारू, पोरगं हाय ते." आन किल्ल्यांचा जुडगा काढून शेठच्या हातावर ठिवला.

गेटाबाहेर शेतकरी जमले व्हते. निमगावची बायडाबाई रडत वरडली, "म्हाताऱ्या, तुझ्या भरवशावर बेणं ठिवलं व्हतं रं!"

गेणभाऊंनी हात जोडले. मी त्यांच्या मागंच हुभा व्हतो.